हवेचा अंदाज आणि आपली गल्ली

(बुलढाणा इथे झालेल्या युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)



आज सकाळी मी मलकापूरहून एसटीने इथे आले. राजूर घाट चढताना एका वळणावर मागे वळून पाहिलं, तर खाली सगळ्या खोऱ्यावर राखाडी थर पसरलेला. झाडं, घरं, रस्ता, काहीच नीट ओळखू येत नव्हतं. थोड्या वेळाने बुलढाण्यात उतरले, तर इथे आकाश निळं. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हा भेद आपण सोयरिकीपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे लावतो. हिवाळ्यात तो हवेलाही लागतो. मलकापूर आणि बुलढाणा यांच्या उंचीत साधारण चारशे मीटरचा फरक आहे, आणि थंडीच्या पहाटे खालचा धूर बऱ्याचदा तेवढाही वर चढत नाही.

आजचा विषय आहे हवेच्या प्रदूषणाचा संगणकाने केलेला अंदाज. पण सुरुवात संगणकापासून करत नाही, माझ्या अम्मीपासून करते.

मलकापुरात आमचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे कापूस पिंजायचं यंत्र, आणि त्याच्यामागे आमचं घर. रजयांचा हंगाम दिवाळी ते संक्रांत. अब्बांच्या खोकल्याचा हंगामही तोच. वर्षभर कापसाची पूड छातीत जायची, पण त्रास उसळायचा थंडीत. अम्मी पहाटे मागच्या अंगणात पाणी तापवायला चूल पेटवायची आणि धुराकडे बघत उभी राहायची. धूर सरळ वर गेला, तर काही बोलायची नाही. धूर छपराएवढा जाऊन आडवा पसरला, गल्लीतच रेंगाळला, की आत येऊन म्हणायची, “आज धुआँ बैठ गया है. यंत्र दुपारी लावा.” अब्बा कधी ऐकायचे, कधी गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असायचा.

अम्मी चौथी शिकलेली. ती जे बघत होती त्याला भूगोलाच्या पुस्तकात ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती वर जाते आणि धूर घेऊन जाते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते, आणि तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. झाकणाखाली जे जळेल ते झाकणाखालीच राहतं. पूर्णेचं खोरं दोन बाजूंनी डोंगरांत आहे, एकीकडे सातपुडा, एकीकडे अजिंठ्याची रांग. त्यामुळे थंड जड हवा तळाशी साचायला जागा आयतीच मिळते. शेतकरी याच दिवसांत तुरीवर धुवारी आली म्हणून काळजी करतो. धुवारी आणि धूर एकमेकांत मिसळले की ऊन वर येईपर्यंत हलत नाहीत.

अब्बा एका जानेवारीत गेले. मातीला आलेल्या प्रत्येकाने सांत्वन केलं, लिहिलेलं होतं म्हणून. मी त्या वेळी बारावीत होते. मृत्यू लिहिलेला असतो यावर मला वाद घालायचा नाही. पण त्या आठवड्यात धूर रोज बसत होता. कोपऱ्यावर टायर जाळून शेकोटी चालली होती. कुणीतरी कचऱ्याचा ढीग पेटवला होता. हे सगळं कुणीतरी काडी लावल्याशिवाय झालेलं नव्हतं, आणि दोन दिवस आधी ओळखता आलं असतं. उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, ही शिकवण आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. माझ्यासाठी हवेचा अंदाज म्हणजे ती दोरी आहे.

आता संगणकाकडे येऊ. मॉडेल हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, यंत्राला काहीतरी दैवी कळतं. तसं काही नाही. मॉडेल म्हणजे हिशेब. नकाशावर चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचायचे, इमारतीच्या मजल्यांसारखे. मग प्रत्येक खणासाठी दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी तेच चार प्रश्न विचारायचे. या खणात नवीन काय सोडलं गेलं? वाऱ्याने शेजारून काय आलं आणि शेजारी काय गेलं? आत रासायनिक क्रिया होऊन काय बनलं? आणि पावसाने किंवा वजनाने खाली काय बसलं? मग पुढची वेळ, पुन्हा तेच. असं करत तीन दिवस पुढे जायचं.

रासायनिक क्रियेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तसा नाही. कोळशाच्या चिमणीतून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. शेतातल्या युरियातून आणि गोठ्यातल्या शेणमुतातून अमोनिया निघतो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. हवेत त्यांचं रूपांतर होऊन बारीक कण तयार होतात, पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. फुप्फुसात खोल जातात ते हेच. आपल्या पूर्वेला अकोला जिल्ह्यात पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे, पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचं. त्या चिमण्यांतलं किती आपल्यापर्यंत येतं, हे घाटात उभं राहून सांगता येत नाही. मॉडेलमध्ये त्याची एक साधी रीत आहे. एकदा सगळं चालू ठेवून हिशेब करायचा, एकदा ती चिमणी बंद आहे असं समजून करायचा, आणि वजाबाकी करायची. दिल्लीसाठी अशीच प्रणाली आता आजूबाजूच्या जिल्ह्यांचा वाटा रोज वेगवेगळा काढून दाखवते.

हिशेबाची ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करत होता. युद्ध नाकारणारा माणूस, म्हणून बंदूक न घेता जखमींना उचलत होता. फावल्या वेळात त्याने २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचा सहा तासांचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढला. कित्येक आठवडे लागले. उत्तर साफ चुकलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असं निघालं, आणि असं पृथ्वीवर कुठे होत नाही. त्याने १९२२ साली ते चुकलेलं उत्तर पुस्तकात जसंच्या तसं छापलं. पुढे कळलं की समीकरणं ठीकच होती. सुरुवातीला भरलेली वाऱ्यांची आकडेवारी सदोष होती. १९५० साली अमेरिकेत संगणकावर पहिला यशस्वी अंदाज निघाला, तो त्याच वाटेने.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचं माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. गणित बरोबर असूनही आत भरलेलं चुकीचं असलं, तर बाहेर चुकीचंच येतं.

आपल्या देशात या कामाचं मोठं केंद्र आपल्याच राज्यात आहे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे, तिला आयआयटीएम म्हणतात. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा या संस्थेने ‘सफर’ नावाची हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभी केली. पुढे ती २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत आणि २०१७ मध्ये अहमदाबादमध्ये आली. तिचे प्रमुख होते डॉ. गुफरान बेग. त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आहे. नाव ऐकून काहींचे चेहरे खुलले ते मला दिसलं. अभिमान जरूर बाळगा, पण तिथे थांबू नका, त्यांनी काम कसं केलं ते बघा. ‘सफर’च्या कामात मोठा भाग होता उत्सर्जनाची यादी करण्याचा. कुठल्या चौकोनात किती वाहनं, किती हॉटेलं, किती भट्ट्या, किती चुली, याची यादी. ती संगणकासमोर बसून झाली नाही. विद्यार्थ्यांच्या तुकड्या रस्त्यांवर आणि वस्त्यांत फिरल्या, तेव्हा झाली.

२०१८ साली दिल्लीसाठी पूर्वसूचना यंत्रणा सुरू झाली. तिथे आता अंदाज पाहून निर्बंध आधीच लावता येतात, हवा बिघडून लोक दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबावं लागत नाही. अंदाजाचा उपयोग होतो म्हणजे काय होतं, ते हे.

मग आपल्या जिल्ह्याचं काय?

आपला जिल्हा साधारण ९,६६० चौरस किलोमीटरचा. युरोपातल्या कोपर्निकस सेवेचा जागतिक अंदाज कुणालाही फुकट बघता येतो. त्याचा एक चौकोन सुमारे चाळीस किलोमीटरचा असतो. म्हणजे लोणारच्या सरोवरापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचा सगळा बुलढाणा जिल्हा त्यात सहा-सात चौकोनांत संपतो. घाटाचा कडा त्या जाळीत दिसतच नाही, वरचं आणि खालचं एकत्र सरासरीत जातं. मग जाळी बारीक का करत नाही? करता येते. पण चौकोनाची बाजू अर्धी केली की चौकोन चौपट होतात, आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणून आकडेमोड आठपट होते. बाजू दहावा हिस्सा केली तर हजारपट. त्यासाठीच महासंगणक लागतात. पुण्यात २०१८ साली ‘प्रत्युष’ आला, २०२४ साली ‘अर्क’ आला. संगणकाची ताकद वाढतेच आहे. पण चौकोन गल्लीएवढा बारीक केला, तरी त्या गल्लीत काय जळतं हे संगणकाला माहीत नसेल तर फायदा काय? तो पोकळ चौकोन अचूकपणे पोकळ दाखवेल.

२०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षं मानकापेक्षा खराब होती, ती शहरं यादीत आली. आपल्या शेजारचं अकोला त्यात आहे, अमरावती आहे, जळगाव आहे, जालना आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं एकही शहर नाही. याचा अर्थ आपली हवा चांगली आहे असा काढू नका. यादी त्या काळी चालू असलेल्या मोजणी केंद्रांच्या आकड्यांवरून झाली. पाच वर्षं आकडे असल्याशिवाय त्या परीक्षेला बसताच येत नव्हतं. यादीत आलेल्या शहराकडे आराखडा आला, निधी आला. अकोल्याचा आणि जळगावचा धूर मात्र जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानातून निघालेली धूळ गुजरातवरून मुंबई-पुण्यापर्यंत आली आणि गाड्यांच्या काचांवर पांढरी पूड बसली, हे अनेकांना आठवत असेल. कराचीची धूळ दादरला येते, तिथे नांदुऱ्याचा धूर खामगावला जाणारच.

अंदाजावर विश्वास किती ठेवायचा, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. त्यासाठी ईदच्या चांदाकडे बघा. २९ व्या रोजाला आपण सगळे गच्चीवर चढतो. नवा चंद्र त्या संध्याकाळी आकाशात नेमका कुठे असेल, हे दहा वर्षं आधी मिनिटाच्या हिशेबाने सांगता येतं. पण तो आपल्या गच्चीवरून दिसेल का? ते पश्चिमेच्या क्षितिजावर त्या वेळी किती ढग आणि किती धूळ आहे यावर ठरतं. चंद्राचं गणित पक्कं आहे, हवेचं तसं नाही. हवेत सुरुवातीची बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते, म्हणून हवेचा अंदाज तीन दिवसांचा बराच भरवशाचा, आठवड्याचा कच्चा, आणि दोन आठवड्यांपलीकडचा रोजचा अंदाज कुणी सांगू लागला तर त्याला लांबूनच सलाम करा. अंदाज चुकला म्हणून खोटा ठरत नाही. तो किती वेळा चुकतो, कोणत्या बाजूने चुकतो, हे तपासत राहणं हाच विज्ञानाचा रिवाज आहे. हिवाळ्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी मॉडेलं बऱ्याचदा खरं आहे त्यापेक्षा कमी प्रदूषण दाखवतात. एक कारण म्हणजे ते झाकण नेमकं किती खाली आहे हे त्यांना पकडता येत नाही. दुसरं कारण म्हणजे यादीत नसलेल्या चुली.

त्या चुलींबद्दल मला एक अनुभव सांगायचा आहे. पदव्युत्तर शिक्षण घेताना मी एका शहरातल्या उत्सर्जन गणनेत काम केलं. शहराचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही शहरात झालं असतं. आमच्या गटाला एक मोहल्ला मिळाला. पहिल्या दिवशी मुलं गेली. दारावर पुरुष उभे राहिले. “स्वयंपाक कशावर करता?” “गॅसवर.” प्रत्येक घरी तेच उत्तर, आणि ते खोटं नव्हतं. सिलिंडर होताच. संध्याकाळपर्यंत फॉर्म भरून झाले आणि नकाशावर तो मोहल्ला स्वच्छ दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी मी आणि एक मैत्रीण गेलो. आम्हाला बायकांनी आत बोलावलं, चहा ठेवला. गॅसवर चहा उकळत होता आणि मागच्या बोळात चूल पेटलेली होती. आंघोळीचं पाणी तिच्यावर, भाकरी तिच्यावर, दावत असली की डेग तिच्यावर. सिलिंडर महिनाभर पुरवायचा तर दुसरं करणार काय? लाकडाच्या वखारीतला भुसा, तुटक्या पेट्यांच्या फळ्या, आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी. एक खाला म्हणाल्या, “बेटी, कल जो लड़के आए थे उन्होंने पूछा गैस है क्या. चूल्हा है क्या, ये किसी ने पूछा ही नहीं.”

मी परत येऊन देखरेख करणाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. फॉर्म ज्यांनी तयार केला त्यांच्या घरात मागच्या अंगणात चूल नव्हती, एवढंच. बरंच बोलल्यावर दोन ओळी वाढवण्यात आल्या. चुलीसमोर सगळ्यात जास्त वेळ बसणाऱ्या बाईचा त्या हिशेबात प्रवेश झाला तो त्या दोन ओळींमुळे. मुलींनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. स्वयंपाकघराच्या आत जायची परवानगी तुम्हाला आहे. हे तुमचं ज्ञान आहे. ते विज्ञानात घेऊन या.

दुसरी एक गोष्ट त्याच मोहल्ल्यातली. काही दारं आम्हालाही उघडली नाहीत. हातात कागद आणि पेन बघितलं की आतून कडी लागायची. कशाचा सर्वे आहे, कुठे जाणार आमचं नाव? गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांत कागदाची भीती कुठून आली, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. त्या भीतीला हसू नका. आम्ही कागद उलटा करून दाखवायचो. यात नाव नाही, आधार नाही, धर्म नाही, फक्त चूल आहे. तरी दोन-तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पण मला हेही सांगायचं आहे की दार बंद राहिलं की नकाशावर तिथे शून्य लागतं. आणि शून्य लागलेल्या गल्लीसाठी ना मोजणी यंत्र येतं, ना दवाखान्यात जादा औषध.

तिसरी भीती पोटाची. मागच्या एका कार्यक्रमात एका मुलाने सरळ विचारलं, “बाजी, माझ्या वडिलांची बेकरी आहे. मी यादीत लिहून दिलं तर उद्या बंद करायला येतील ना?” प्रश्न अगदी खरा आहे. गॅरेज, भंगार, वेल्डिंग, बेकरी, वीटभट्टी, ट्रकचं काम, आपल्यातली किती घरं यावर चालतात. मुंबईत काय झालं ते त्याने वाचलं होतं. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. लाकडाची भट्टी बदलायला खर्च येतो, जागा लागते, पावाची चव बदलेल अशी धास्ती असते. बेकरीवाल्यांची धावपळ झाली.

मी त्या मुलाला जे सांगितलं तेच इथे सांगते. भट्टीचा धूर सगळ्यात आधी तुझ्या वडिलांच्या छातीत जातो, मग गल्लीच्या. तो लपवून त्यांचं भलं होत नाही. माझ्या अब्बांचंही झालं नाही. प्रश्न एवढाच आहे की मोजणी कुणाच्या हातात आहे. दुसऱ्याने मोजलं तर तुमच्या दारात हुकूम येतो, मुदतीसकट. तुम्ही आधी मोजलं असेल, तर तुम्ही नगरपालिकेत जाऊन बोलू शकता. आमच्या भागात एवढ्या भट्ट्या आहेत, बदलायला एवढा खर्च आहे, कर्जाची सोय करा, टप्प्याने करू. आणि त्याच कागदावर हेही दाखवू शकता की गल्लीच्या टोकाला रोज जळणारा कचरा आमचा नाही, तो उचलणं तुमचं काम आहे. आकडे नसले की सगळा दोष नजरेला जे दिसतं त्याच्यावर जातो, आणि नजरेला गरिबाचा धूर आधी दिसतो. कोळशाच्या चिमणीतून निघणारा वायू दिसत नाही.

आता आपण काय करायचं, ते सांगून संपवते. मोठं काही नाही.

पहिलं, अंदाज वाचायला शिका. हवेचा निर्देशांक ० ते ५०० असतो. १०० पर्यंत ठीक, २०० च्या वर वाईट, ४०० च्या वर गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप आहे, ‘सफर’चंही आहे. आपल्या गावाचा आकडा तिथे नसेल, तर शेजारच्या शहराचा आणि वाऱ्याची दिशा बघायची सवय लावा. आणि मानकं ध्यानात ठेवा. पीएम २.५ साठी आपलं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. म्हणजे आपल्याकडे ‘ठीक’ लिहिलं असलं, तरी दमेकऱ्याने बेफिकीर राहू नये.

दुसरं, एक वही करा. रोज सकाळी सात वाजता एकाच जागेवरून एकाच खुणेकडे बघा. मिनार, पाण्याची टाकी, डोंगराची कड, काहीही चालेल. ती स्पष्ट दिसते, पुसट दिसते की दिसत नाही, ते लिहा. जवळच्या चुलीचा धूर वर जातो की बसतो, ते लिहा. कुठे काय जळतंय आणि किती वाजता, ते लिहा. वेळ फार महत्त्वाची आहे. आग शोधणारे काही मोठे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात. वावरातली पऱ्हाटी संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवली आणि मध्यरात्रीच्या आत विझली, तर उपग्रहाला ती कधी दिसतच नाही. तुम्हाला दिसते. तुमच्या वहीतली ती ओळ कुठल्याच महासंगणकाकडे नाही.

कुणाला स्वस्तातलं मोजणी यंत्र घ्यायचं असेल तर घ्या, पण सावध राहा. ती यंत्रं प्रकाशाने कण मोजतात, आणि धुवारीतले पाण्याचे थेंबही कण समजून आकडा फुगवतात. आधी ते प्रमाणित केंद्राजवळ ठेवून पारखायचं, मग बोलायचं. फुगवलेला आकडा घेऊन कार्यालयात गेलो, तर पुढच्या वेळी खरा आकडाही कुणी ऐकणार नाही.

तिसरं, कळलेलं पोचवा. हिवाळ्यात फजरची वेळ म्हणजे झाकण सगळ्यात खाली असण्याची वेळ. आपले म्हातारे त्याच वेळी पायी मशिदीत जातात आणि वाटेत टायरच्या शेकोटीपाशी थांबतात. हवा जड असेल त्या दिवशी दमा असलेल्यांनी नाकातोंडावर चांगला मास्क लावावा, शेकोटीत टायर-प्लॅस्टिक टाकू नये, एवढं जुम्याच्या नमाजनंतर सांगायला कुठल्या इमामसाहेबांची हरकत असेल? विचारून तर बघा. मंदिराच्या भोंग्यावरून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरूनही हेच सांगता येईल. धूर सगळ्यांचा आहे.

चौथं, तुमच्यातल्या दोघा-तिघांनी या शास्त्रात या. भौतिकशास्त्र, गणित, थोडं प्रोग्रॅमिंग. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे. हवा आणि रसायन एकत्र चालवणारं ‘वर्फ-केम’ नावाचं मॉडेल जगभर वापरतात, ते फुकट मिळतं, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. मी पहिल्यांदा ते चालवलं तेव्हा माझ्या गावाच्या चौकोनात काय भरलं आहे ते उघडून पाहिलं होतं. कुठल्यातरी जुन्या जागतिक यादीतून लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून दिलेला एक आकडा होता. ना पिंजण यंत्र, ना भट्टी, ना अम्मीची चूल. तो आकडा दुरुस्त करायला बाहेरून कुणी येणार नाही.

अम्मी आता माझ्याजवळ पुण्यात कमी आणि मलकापुरात जास्त असते. थंडीत फोन केला की मी मॉडेलचा अंदाज सांगते आणि ती अंगणात जाऊन धूर बघते. कधी माझं बरोबर येतं, कधी तिचं. मागच्या जानेवारीत सलग तीन दिवस तिचं बरोबर आलं. मी चूक शोधायला बसले, तर माझ्या हिशेबात पहाटेच्या शेकोट्याच नव्हत्या.

बाहेर टेबलावर शंभर पानी वह्या ठेवल्या आहेत. घाटावरच्यांनी आणि घाटाखालच्यांनी दोघांनीही न्या. दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा, आणि संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी याच हॉलमध्ये वह्या घेऊन भेटू. तेव्हा मी बोलणार नाही, तुम्ही वाचून दाखवायचं.